उजेड कुठं पडणार?

संध्याकाळी साडेसहा-सातला दुकानात गर्दी होते. दिवेलागणीला बटण दाबलं आणि उजेड आला नाही, की माणूस तसाच पायात चपला सरकवून निघतो. गेलेला बल्ब ओढणीच्या टोकात नाहीतर पेपरात गुंडाळलेला. तो काउंटरवर ठेवून म्हणणार, "असाच एक द्या. 9 वॅटचा." मी विचारतो, "कुठं लावायचाय?" पुष्कळांना हा प्रश्न आवडत नाही. घाई असते, घरी अंधार असतो. तरी मी विचारतोच. 28 वर्षं मिरजेत वायरमनचं काम करतोय, त्यातली 16 वर्षं हे दुकान सांभाळून. वॅट आणि किंमत नंतर बघता येते. उजेड कुठं पडायला पाहिजे आणि त्या उजेडात कोण बसणार, हे आधी ठरवावं लागतं. एवढं कळलं की बल्ब कुठल्या आकाराचा घ्यायचा, ते निम्मं ठरल्यातच जमा असतं.

मी शिकत होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आयटीआय करून एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. तेव्हा बल्ब म्हणजे पेरूसारखा, एकाच आकाराचा. 40, 60 नाहीतर 100 वॅट. देवघरात झिरोचा लाल बल्ब, सोप्यात चार फुटी ट्यूब, तिची पट्टी, चोक, स्टार्टर. यादी संपली. मिस्त्री खोलीत शिरले की दारावरची नाहीतर समोरच्या भिंतीची जागा बोटानं दाखवायचे, तिथं मी लाकडी ब्लॉक ठोकायचा, त्यावर बॅटन होल्डर बसवायचा. बल्ब लावला की अख्खी खोली उजळायची. होल्डर आडवा असो, उभा असो, लोंबता असो, फरक पडत नव्हता. आत तापलेली तार असायची आणि ती चहूबाजूंनी उजेड टाकायची. काच मोठी असायची तीही कामापुरतीच. तारेतलं टंगस्टन हळूहळू उडून काचेवर बसतं. जुना 100 चा बल्ब काढला की आतून काळपट दिसायचा, तो त्याचाच थर. काच मोठी असली की तो थर पसरून बसतो, उजेड लवकर मंद होत नाही आणि काचही फार तापत नाही. पेरूसारखा आकार त्या तारेच्या गरजेतून आला होता.

एलईडीला तशी गरज नाही. तरी आपण तिला तोच पेरू दिला, कारण घराघरांत होल्डर तेच होते आणि लोकांच्या डोळ्यांना सवय तीच होती.

हे मला कळलं ते एक गेलेला बल्ब उघडल्यावर. वरची दुधी टोपी काचेसारखी दिसते, पण बहुतेक बल्बांत ती प्लास्टिकची असते. पातळ पाना घालून फिरवली की टक्कन सुटते. खाली रुपयाच्या नाण्याहून मोठी ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढे पिवळे ठिपके, आठ-दहा-बारा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक एलईडी. ती मुळात निळा उजेड देते आणि वरचा पिवळा थर त्यातला काही भाग पिवळा करतो. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि पुढच्याच वर्षी, 2015 च्या जानेवारीत, सरकारची उजाला योजना सुरू झाली. 9 वॅटचा बल्ब स्वस्तात गावोगाव पोचला. वस्तीवरच्या घरात, जिथं आदल्या वर्षीपर्यंत 60 चा बल्ब जपून लावायचे, तिथं मी तो जळताना बघितला आहे. त्या योजनेचं मला मोल आहे.

पण ती चकती पुन्हा नीट बघा. सगळे ठिपके एकाच दिशेला तोंड करून बसलेत. चकतीच्या मागं बल्बाचं निम्मं अंग आहे, त्यात गरमी ओढून घेणारा धातू आणि गळ्यात ड्रायव्हर. तिकडं उजेड नाही. दुधी टोपी तो थोडा बाजूला पसरवते, पण पाठीमागं फारसा जात नाही.

आता हा बल्ब मिस्त्रींनी दाखवलेल्या त्या भिंतीवरच्या बॅटन होल्डरात लावा. तोंड समोरच्या भिंतीकडं. उजेड सरळ समोर जातो, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत. बल्बामागची भिंत अंधारी, खाली जमिनीवर पुस्तक घेऊन बसलेल्या पोराच्या वहीवर उजेड कमी. मग लोक येऊन सांगतात, "9 वॅटचा पुरत नाही, 15 चा द्या." 15 चा लावला की डोळ्यांत जास्त जातो. वही होती तिथंच. अशा घरी मी 30-40 रुपयांचा अँगल होल्डर विकतो, बल्बाचं तोंड खाली वळवून देतो आणि तोच 9 वॅटचा ठेवतो. कितीतरी घरांचं एवढ्यावर भागलं. एका काकूंनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "नवा बल्ब चांगला निघाला." बल्ब जुनाच होता, नुसतं त्याचं तोंड फिरवलं होतं.

या नेहमीच्या आकाराला धंद्यात ए 60 म्हणतात. ए म्हणजे हा पेरूचा आकार आणि 60 म्हणजे फुगीर भागाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. बाकीची नावंही अशीच आहेत. मेणबत्तीच्या ज्योतीसारखा तो सी 35. लहान गोळा पी 45. मोठा गोल जी 95, जेवणाच्या टेबलावर लोंबतो तो. ट्यूबचा हिशोब वेगळा, तो इंचाच्या आठव्या भागात. टी 8 म्हणजे आठ अष्टमांश, एक इंच जाड. टी 5 त्याहून बारीक, साधारण 16 मिलिमीटर. छतातल्या छोट्या स्पॉटचा एमआर 16 त्याच हिशोबानं दोन इंची. एकदा हे कळलं की खोक्यावरचा नंबर वाचून आत काय आहे ते समजतं. बुडाचंही बघावं लागतं. आपल्याकडचा नेहमीचा पिनचा होल्डर बी 22. आट्यांचा मोठा ई 27, आट्यांचा बारीक ई 14. झुंबराचा आणि बाहेरून आणलेल्या टेबल लॅम्पचा बहुधा आट्यांचा असतो. इथं लोक फसतात. म्हणून मी म्हणतो, गेलेला बल्ब घेऊनच या. आणि खोक्यावर बीआयएसचा आर नंबर आहे का ते बघा. तो नसलेला माल मी ठेवत नाही.

दिवाळीत हे सगळं एकदम समोर येतं. आकाशकंदिलासाठी बल्ब हवा असतो आणि प्रत्येक जण ए 60 नेतो. होल्डर वरून लोंबतो, बल्बाचं तोंड खाली. कंदील पेटवला की खालच्या झिरमिळ्या झगझगतात आणि वरचा निम्मा भाग, जिथं पोरांनी रात्रभर बसून कागद चिकटवलेला असतो, तो काळोखात. जुन्या 40 च्या बल्बानं अख्खा कंदील भरून जायचा. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याच घरी धाकटीनं शाळेत केलेला षटकोनी कंदील लावला. ती खाली उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, वरचे तारे दिसत नाहीत." तिनं टिकल्यांचे तारे वरच्याच बाजूला चिकटवले होते. मी दुकानातून फिलामेंटचा एलईडी आणला. त्यात काच साधी, पारदर्शक असते आणि आत उभ्या काड्या असतात, दोऱ्यासारख्या. त्या जुन्या तारेसारख्या चहूबाजूंनी उजेड टाकतात. 4 वॅटचा होता, पिवळसर. वरचे तारे दिसले. तेव्हापासून दिवाळीत मी 4 वॅटचे फिलामेंट बल्ब वेगळे काढून ठेवतो, पिनच्या बुडाचे, आणि आकाशकंदील म्हटलं की तेच पुढं करतो. कापडी शेडचा लॅम्प, काचेची हंडी, जुन्या वाड्यातली झुंबरं, सगळीकडं हेच. उजेड आतून भरायचा असेल तर सगळीकडं पसरणारा बल्ब पाहिजे.

बंद काचेच्या गोळ्यांनी मला वेगळा धडा दिला, आणि तो गिऱ्हाइकाच्या पैशानं मिळाला याचं वाईट वाटतं. एका बंगल्याच्या कंपाउंडला चार खांब होते, चारी खांबांवर दुधी काचेचे गोल दिवे, पाऊस जाऊ नये म्हणून रबराचं वायसर लावून घट्ट बंद केलेले. मालक म्हणाले, भरपूर उजेड पाहिजे. मी प्रत्येकात 15 वॅटचा बल्ब लावला. पहिला पावसाळा बरा गेला. उन्हाळ्यात एक गेला, मग दुसरा. मी बदलून दिले, तेही गेले. मला वाटलं माल खराब आला. मग एक उघडून बघितला. गळ्यातला ड्रायव्हर काळा पडला होता आणि त्यातला पिंपासारखा छोटा कपॅसिटर वरून फुगला होता. एलईडी गार चालते असं आपण म्हणतो, ते हाताला लागण्यापुरतं खरं आहे. जुना बल्ब आपली बरीचशी उष्णता किरणांनी बाहेर फेकायचा. एलईडीची उष्णता मागच्या धातूत उतरते आणि तिथून हवेत जायला पाहिजे. बंद गोळ्यात हवा कुठं आहे? त्यात मे महिन्यातलं मिरजेचं ऊन दिवसभर खांबावर. मी चारी दिव्यांत 5 वॅटचे पी 45 लावले, बुडातून हवा जायला दोन छिद्रं पाडली आणि खालच्या तोंडाला जाळी लावली. चार बल्बांचे पैसे मालकांना परत केले. तो उजेड मालकांना पुरला. फाटकापासून पायरीपर्यंतची वाट दिसण्यापुरताच तर हवा होता.

स्वयंपाकघरात मी बल्ब लावूच देत नाही. छताच्या मधोमध काहीही लावलं, गोल पॅनल असो की पेरू, तरी ओट्याशी उभ्या बाईची सावली तिच्याच परातीत पडते. कांदा चिरताना बोटं सावलीत. वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला, एक दोन फुटी टी 5 ची पट्टी लावावी. खर्च फारसा नाही. आमच्या आईला मी हे फार उशिरा करून दिलं.

आणि आता अण्णांबद्दल सांगतो. 2019 साल असेल. नवीन फ्लॅट, पीओपीचं काम झालेलं, बेडरूममध्ये छतात सहा स्पॉट. गोल, छोटे, मध्ये एकच चमकणारा ठिपका असलेले, त्याला सीओबी म्हणतात. त्यांचा झोत अरुंद असतो. दुकानात शोकेसवर, फोटोवर, देवाच्या मूर्तीवर तो फार चांगला दिसतो. घरमालकांनी ते पसंत केले, नकाशा इंटिरिअरवाल्यानं काढून दिला आणि मी बसवले. काम स्वच्छ झालं होतं, मला समाधान होतं.

सहा-सात महिन्यांनी घरच्या वहिनींचा फोन आला. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगाचा झटका आला होता, त्यांना त्या खोलीत आणलं होतं. "दिवा लावला की अण्णा डोळ्यांवर हात धरतात. एकच हात चालतो त्यांचा, तोही त्यातच अडकतो. दिवा बंद केला तर मला औषधाच्या बाटल्या दिसत नाहीत. काय करायचं बघा."

मी गेलो. शिडी लावली, स्पॉट तपासले, व्होल्टेज बघितलं. सगळं ठीक होतं. अण्णा उताणे पडलेले, उजवा हात कपाळावर आडवा. मला काय सुचलं कोण जाणे, मी शेजारच्या कॉटवर त्यांच्यासारखाच आडवा झालो आणि वर बघितलं. दोन स्पॉट बरोबर डोळ्यांच्या वर होते. पांढरे, टोचणारे. मान वळवली तरी एक डोळ्याच्या कडेला राहायचाच. डोळे मिटले तरी पापणीच्या आत लाल ठिपका. मी दोन मिनिटं पडलो असेन. अण्णा तिथं चार महिने पडून होते.

छतातले दिवे बसवताना मी वर बघत होतो, पण शिडीवरून. तिथं झोपणारा माणूस वर बघणार, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी मी बिछान्यावरचे दोन्ही स्पॉट काढले आणि भोकांवर पांढऱ्या चकत्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी डोक्यामागच्या भिंतीला, साडेसहा फुटांवर, सुतारानं केलेली लाकडी फळी लावली आणि फळीच्या मागं चार फुटी टी 5, तोंड छताकडं करून. दिसतो तो उजेड, ट्यूब दिसत नाही. पांढरा नको म्हणून 3000 केल्विनचा घेतला, वॉर्म म्हणतात तो. खोक्यावर हा आकडा असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 4000 मधला, 3000 पिवळसर. औषधांच्या टेबलापाशी वेगळा छोटा दिवा दिला, त्याला खाली वाकलेली शेड. आणि रात्री वहिनींना उठावं लागतं म्हणून दाराजवळ जमिनीपासून वीतभर उंचीवर अर्ध्या वॅटचा नाइट लॅम्प.

दिवा लावला. अण्णांनी हात खाली घेतला. मग छताकडं बघत राहिले. त्यांना बोलता येत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "आता ते पंखा बघतात." त्यांच्याकडं मी मजुरी घेतली नाही. मीच लावलेलं मी काढत होतो.

तेव्हापासून कुणाच्याही बेडरूमचं काम असलं की पीओपीच्या आधी मी फरशीवर सतरंजी टाकून झोपून बघतो. मालक विचारतात, "काय झालं?" मी सांगतो, बघतोय. बाळंतिणीची खोली असेल तर जास्तच बघतो. तान्हं मूल तर उताणंच असतं.

मिरजेत राहून तंबोऱ्याचं काम कधीतरी वाट्याला येतंच. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एका कारखान्याचं वायरिंग बदलायचं होतं. 2024 साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास. जुनी पोटमाळ्याची खोली, भोपळे छताला टांगलेले, लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. म्हातारे मामा जमिनीवर बसून जवारी काढत होते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं आणि मग बारीक कागदानं असा घासायचा, की तार त्याला टेकूनही अडत नाही, निसटता स्पर्श होत राहतो. त्या स्पर्शातून आवाजाला ते गुंजन येतं. माथ्याचा उतार नजरेला जेमतेम कळेल इतका कमी असतो.

आधी खिडकीच्या उजेडात ते काम करायचे. शेजारी इमारत झाली, खिडकी गेली. मुलानं डोक्यावर 20 वॅटचा मोठा बल्ब लावून दिला होता. मामा म्हणाले, "उजेड लई आहे रे, पण दिसत काही नाही." मला आधी वाटलं की झोत कमी पडतोय. म्हणून वाकणाऱ्या दांडीवर एक स्पॉट दिला, घोडीच्या अगदी जवळ. त्यांनी तंबोरा मांडीवर कलता केला, घोडी उजेडात धरली, फिरवली आणि मान हलवली. "एक ठिपका दिसतो. मला रेघ पाहिजे."

हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी त्यांच्या खांद्यामागून वाकून बघितलं. घासून गुळगुळीत झालेल्या हाडाच्या माथ्यावर स्पॉटचं प्रतिबिंब पडलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. एवढ्याशा ठिपक्यावरून उतार कसा कळणार? खिडकी होती तेव्हा तिच्या उभ्या कडेचं प्रतिबिंब माथ्यावर रेघेसारखं पडायचं. जिथं रेघ वाकडी झाली तिथं उंचवटा, तिथं कानस लावायची. मामा इतकी वर्षं खिडकीची कड वाचत होते.

मी दोन फुटी टी 5 आणली. डावीकडच्या भिंतीला, त्यांच्या डोळ्यांच्या किंचित वर, आडवी लावली. वर पत्र्याची पट्टी वाकवून बसवली, म्हणजे डोळ्यांत जायला नको. डोक्यावरचा मोठा बल्ब बंद केला. खोली अंधारली, मुलगा कुरकुरला. मामांनी हात वर करून त्याला गप्प बसवलं आणि तंबोरा उचलला. घोडी त्या पट्टीसमोर धरली. हाडावर बारीक पांढरी रेघ पडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये एका जागी केसभर मोडलेली. त्यांनी अंगठ्याच्या नखानं ती जागा मला दाखवली. कानस दोनदा फिरवली, कागद फिरवला, पुन्हा धरून बघितलं. मग तार चढवली, खाली सुताचा दोरा सरकवला आणि षड्ज छेडला.

मुलानं पायऱ्यांवरून विचारलं, "झालं का काम?" मामा ऐकत होते. मीही शिडी आवरायची थांबलो.